थांब, येतली

भाईंदर सुटलं की गाणं लावायचं, हा माझा पंधरा-सोळा वर्षांचा रिवाज. चर्चगेटहून निघालेल्या विरार लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत हात खिशापर्यंत नेणंही अवघड. मीरा रोडला अंगावरचं ओझं जरा हलकं होतं आणि भाईंदरनंतर खाडीचा पूल येतो. पुलावर गाडीचा आवाज बदलतो. एरवी खडखडणारी चाकं एकाएकी पोकळ वाजू लागतात, खालची जमीन कुणी काढून घेतल्यासारखी. मध्ये पाणजू बेटाचा तुकडा, पुन्हा पूल, आणि पलीकडे नायगावची मिठागरं. रेडिओहेड या इंग्लंडातल्या रॉक बँडचं 'लेट डाउन' हे गाणं पाच मिनिटांना एक सेकंद कमी आहे. नायगावचा फलाट दिसेपर्यंत ते संपत आलेलं असायचं. दारातल्या वाऱ्यात मी ते किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. शिळं मात्र ते एकदाही झालं नाही.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका ६० मिनिटांच्या कॅसेटच्या कागदावर, निळ्या बॉलपेननं लिहिलेलं. १९९७ साल संपत आलं होतं. कॉलेजातला माझा मित्र वसईचा, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवणारा. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडात आलेला 'ओके कम्प्युटर' हा अल्बम त्यानं कुठून तरी मिळवून माझ्यासाठी भरून दिला होता. "एकटा असशील तेव्हा ऐक," एवढंच म्हणाला. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण. एकटेपणा मिळायचा तो रात्री अकरानंतर, गॅलरीत, दोरीवरच्या ओल्या कपड्यांच्या खाली. तिथे मांडी घालून बसलो आणि वॉकमन लावला.

पहिल्या बाजूला सहा गाणी जेमतेम बसली होती. त्यातलं सहावं 'कर्मा पोलीस'. शेवटी त्याचा सूर वाकत, गरगरत एका भोवऱ्यात जातो आणि तुटतो. माझी टेपही नेमकी तिथेच संपायची. कितीतरी महिने मी समजत होतो की कॅसेट तिथे खराब झाली आहे. तो शेवट बँडचे गिटारवादक एड ओब्रायन यांनी गिटारचा आवाज प्रतिध्वनी काढणाऱ्या डिलेच्या यंत्रात फिरवत फिरवत मुद्दाम घडवलेला आहे, हे फार नंतर वाचलं. पण एखादी गोष्ट मोडते आहे आणि ती मोडताना ऐकत राहावंसं वाटतं आहे, हा अनुभव मला त्या गॅलरीत पहिल्यांदा आला.

मी मराठी माध्यमाचा. छापलेलं इंग्रजी वाचून कळायचं, कानावर पडलेलं नाही. त्यात बँडचे गायक थॉम यॉर्क यांचं गाणं. ते शब्दाची टोकं झिजवून टाकतात. व्यंजन येतं न येतं तोच स्वर पसरतो, एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जातो. आपल्याकडे मींड म्हणतात, तिच्या जवळपासचं काहीतरी. मला पहिल्या दहा-बारा वेळा एकही ओळ पुरती कळली नाही. तरी छातीत काहीतरी भरून यायचं. दुःख म्हणावं तर त्याला कारण नव्हतं. विशीच्या आतला मुलगा, परीक्षा बरी गेलेली, घरात सगळे असलेले. आणि तरी ते गाणं ऐकताना वाटायचं की माझ्या आत बऱ्याच दिवसांपासून कुणीतरी ताटकळत उभं आहे आणि आज त्याला कुणीतरी हाक मारली.

शब्द नंतर मिळवले. त्याच मित्रानं वहीच्या पानावर उतरवून दिले, मी शब्दकोश घेऊन बसलो. त्यानं गाणं मोठं झालं नाही आणि लहानही झालं नाही. यॉर्क यांनी 'लेट डाउन'बद्दल सांगितलं आहे की, आपण प्रवासात असतो, पण प्रवास आपल्या हातात नसतो. हजारो जागा, हजारो माणसं शेजारून जातात आणि आपण त्या सगळ्यापासून तुटलेले असतो, त्या भावनेचं ते गाणं आहे. हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्येच होतो. पुस्तकातून मान वर केली तर समोर झोपलेली, उभी, लोंबकळणारी माणसं. मला सांगायची गरजच नव्हती.

हे गाणं ध्वनिमुद्रित झालं त्याची हकिगत मला फार आवडते. बाथ शहराजवळ सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाचा एक जुना वाडा आहे. १९९६ मध्ये ही मंडळी स्टुडिओ सोडून आपलं सामान घेऊन त्या वाड्यात जाऊन राहिली, सोबत निर्माते नायजेल गॉडरिच. 'लेट डाउन' तिथल्या नाचाच्या दालनात पहाटे तीन वाजता वाजवलं. त्याच अल्बममधल्या 'एक्झिट म्युझिक' या गाण्यातला आवाज दगडी जिन्यात घेतला, भिंतींनी तो घुमवावा म्हणून. हे कळल्यावर मला आमच्या चाळीचा जिना आठवला. लाकडी, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज असा चढायचा की खाली कुणी खाकरलं तरी वर ओळख पटायची. भजनाला निघालेले माझे वडील, अण्णा, जिन्यातच गुणगुणायला लागायचे.

आता अण्णांकडे यायला हवं, कारण हा लेख मी खरं तर त्यांच्यासाठी लिहायला घेतला.

अण्णा कणकवलीकडचे. गिरणीत विणाई खात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. अडीच लाख कामगारांच्या त्या संपाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी वेगळं काय लिहिणार. आमच्या घरापुरतं सांगायचं तर अण्णा परत साच्यावर गेले नाहीत. पुढे वीस वर्षं रखवालदारी केली. गिरणीनं त्यांच्याकडे ठेवलेल्या गोष्टी दोन. एक पखवाज, जो खात्यातल्या भजनी मंडळाचा होता आणि मंडळ पांगल्यावर आमच्या माळ्यावर आला. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे कान.

साचेखात्यात आडवा धागा नेणारे शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे धावायचे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ वाचायचे किंवा हातांनी खुणा करायच्या. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचे कान आधी वरच्या पट्टीचे सूर हरवतात. बऱ्याच उशिरा, मी नोकरीला लागल्यावर, अण्णांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी कागदावर काढलेली रेषा सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. स, श, फ असे घासून येणारे उच्चार साधारण वरच्या भागात असतात. म्हणजे 'साखर' म्हटलं की अण्णांच्या कानी 'आखर' पडतं. स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात.

तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याबाहेर बराच वेळ उभा होतो. कारण मीही वॉकमन लावून असाच ऐकत होतो की! स्वर पोचत होते, व्यंजनं गळत होती. माझं कारण वेगळं, त्यांचं वेगळं.

घरात मात्र या गळण्याचा त्रास व्हायचा. अण्णा प्रश्न विचारायचे, मी उत्तर द्यायचो, ते भलतंच ऐकायचे, मी आवाज चढवायचो. चढवलेल्या आवाजात माया उरत नाही. हळूहळू आम्ही कामापुरतं बोलू लागलो. लाइटचं बिल, गोळ्या, गावचा फोन. १९९९ मध्ये चाळीतली खोली विकून नालासोपाऱ्याला आलो, तेव्हा जागा वाढली आणि बोलणं आणखी कमी झालं. कानाचं यंत्र घेतलं, पण त्यातून सगळा आवाज एकदम अंगावर येतो म्हणून ते कपाटाच्या खणात राहू लागलं. आणि मी दोन्ही कानांत हेडफोन घालून घरी येऊ लागलो.

याच काळात रेडिओहेड माझ्यात खोल गेलं. पहिला अल्बम, १९९३ चा 'पाब्लो हनी', मला आजही फारसा भिडत नाही. ज्या एका गाण्यानं त्यांचं जगात नाव झालं ते चांगलं आहे, पण त्यातलं दुःख थेट अंगावर फेकलेलं आहे. १९९५ चा 'द बेंड्स' आला आणि गोष्ट बदलली. २००० साली आलेल्या 'किड ए'नं मला आधी बाहेरच उभं केलं. गिटार जवळजवळ गायब, यॉर्क यांचा आवाज कापून, उलटा करून, तुकडे परत जोडलेले. दोन महिने मी ती कॅसेट लावलीच नाही. मग एका पावसाळी रात्री अंधेरीच्या पुढे गाडी दीड तास अडकली, डब्यातले दिवे गेले, आणि पहिलंच गाणं सुरू झालं. दहा मात्रांचं आवर्तन आहे ते. कीबोर्डच्या त्याच चार-पाच पट्ट्या फिरून फिरून येत राहतात आणि आपण कुठे टेकावं ते कळत नाही. बाहेर रुळांवर पाणी चढत होतं. त्या अंधारात मला त्या आवाजाची इतकी सोबत झाली की आजही तो अल्बम मी ऊन असताना लावत नाही.

लोक म्हणतात, हे उदास करणारं संगीत. माझ्या पाठीशी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं ऐकणं आहे आणि मला तसं वाटत नाही. उदास करणारी गाणी आपल्याला खाली ओढतात आणि तिथे सोडून देतात. इथे वाद्यं एकमेकांना धरून असतात. 'नो सरप्राइजेस' घ्या. अंगाईसारखी साधी गिटार, तिच्या जोडीला ग्लॉकनस्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची किणकिण. वादन आधी थोड्या चढ्या लयीत मुद्रित केलं, मग टेपची गती कमी केली आणि त्या सैलावलेल्या सुरावर यॉर्क गायले. म्हणून त्या गाण्यातल्या प्रत्येक सुराला किंचित जडपणा आहे, दिवसभराचं काम उरकून जिना चढणाऱ्या माणसाच्या पावलासारखा. शब्द शरण गेलेल्या माणसाचे आहेत आणि सूर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहतात. दोन्ही एकाच वेळी. मला दुसरीकडे हे क्वचितच सापडलं.

आमच्या विरार लोकलमध्ये भजनी मंडळं असतात. ठरलेला डबा, ठरलेले चेहरे, पिशवीतून निघणारे टाळ. वसई रोडच्या आसपास गजर टिपेला पोचायचा. माझ्या हेडफोनमध्ये यॉर्क, बाहेर टाळ. सुरुवातीला मी आवाज वाढवून टाळ बुडवायचा प्रयत्न करायचो. मग तो सोडला. 'लेट डाउन'च्या शेवटी यॉर्क यांचे दोन आवाज एकावर एक येतात, वरचा आवाज खालच्याला मागे टाकून चढत जातो आणि शब्द नुसते आकार होऊन उरतात. गजरातही हेच होतं. लय वाढते, नामाची अक्षरं एकमेकांत मिसळतात, शेवटी अर्थ कुणी धरून ठेवत नाही. बाहेरचे टाळ आणि आतला तो चढता आवाज कधीकधी क्षणभर एका लयीत यायचे. लगेच सुटायचेही. त्या क्षणासाठी मी भजनाच्याच डब्यात चढू लागलो.

रेडिओहेडची ही पाच माणसं एकाच शाळेतली, इंग्लंडातल्या ॲबिंग्डनची. १९८५ पासून एकत्र वाजवतात. तेव्हा सराव शुक्रवारी व्हायचा म्हणून नावही 'ऑन अ फ्रायडे'. १९९१ मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर नाव बदललं, माणसं आजतागायत बदललेली नाहीत. थॉम यॉर्क, जॉनी ग्रीनवुड, त्यांचे थोरले बंधू कॉलिन, एड ओब्रायन, फिलिप सेल्वे. चाळीस वर्षं तीच पाच माणसं! अण्णांच्या मंडळात सात जण होते. संपानंतर दोघं गावी गेले, एक कल्याणला, एक नुसताच दिसेनासा झाला. अण्णा अजून कधीतरी त्यांची नावं घेतात, वाद्यासकट. झांजवाला अमुक, पेटीवाला तमुक.

एक गाणं रेडिओहेडनं १९९५ मध्ये पहिल्यांदा मंचावर गायलं आणि स्टुडिओत केलेल्या अल्बममध्ये घेतलं २०१६ साली. एकवीस वर्षं ते त्यांना जमत नव्हतं, असं म्हणतात. आधी गिटारवर होतं, शेवटी नुसत्या पियानोंवर आलं, एकमेकांवर चढवलेल्या, किंचित मागेपुढे सरकणाऱ्या. त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी ते ऐकलं, ज्यानं कॅसेट भरून दिली होती त्याला पाठवलं. तो तेव्हा मस्कतला होता. त्याचं उत्तर आलं, "इतका वेळ लागला ते बरं झालं."

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी घरी आलो तर आतल्या खोलीतून 'लेट डाउन'ची ती सुरुवातीची गिटार ऐकू आली. मी दारातच थांबलो. माझी मुलगी पंधरा वर्षांची. तिला हे गाणं मी कधी ऐकवलं नव्हतं. तिच्या मोबाइलवर कुणाच्या तरी तीस सेकंदांच्या व्हिडिओमागे ते वाजलं होतं आणि तिनं शोधून काढलं होतं. त्याच महिन्यात ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत पहिल्यांदा आलं, अठ्ठावीस वर्षांनी, तिच्यासारख्याच मुलामुलींमुळे. "बाबा, हे तुमच्या वेळचं आहे? मग मला का नाही सांगितलं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. आम्ही ते दोनदा ऐकलं, काही न बोलता.

अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "काय ऐकतंस?" त्यांनी तिला विचारलं. मी सवयीनं हातानंच 'काही नाही' अशी खूण करणार होतो. पण ती उठली, तिनं आपले मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन काढले आणि आजोबांच्या डोक्यावर चढवले. आवाज वाढवला. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

माझ्या पोटात कालवलं. त्यांच्या कानांपर्यंत काय पोचणार? शब्द तर नाहीतच. गिटारच्या तारेवरचं नखाचं घासणंही नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. चेहरा स्थिर होता. मग त्यांचा उजवा हात टेबलावर आला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मी लहानपणी त्यांना मळून द्यायचो, तेव्हा ती बसली की नाही हे बघायला ते जशी बोटं टेकवायचे, तशीच टेकवली. थाप पडू लागली. हलकी, नेमकी.

थोड्या वेळात ती थांबली. कपाळावर आठी आली.

"ह्यो चुकता," ते मोठ्यानं म्हणाले. हेडफोन घातल्यावर सगळेच मोठ्यानं बोलतात, अण्णा जरा जास्तच.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी बोटानं वर्तुळ काढून दाखवलं, म्हणजे पुन्हा लाव. तिनं लावलं. या वेळी उजव्या हातानं ते टेबलावर ठेका धरून होते आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक मात्रा, एक पेर. ओठ हलत होते. मी त्यांना असं मोजताना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चुकत नाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुद्दाम करता! तो पाचात वाजवता, बाकीचे चारात."

मी हे वाचलेलं होतं. जॉनी ग्रीनवुड त्या गाण्यात बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मात्रांत गिटार वाजवतात, हे या गाण्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. माहिती म्हणून ते माझ्याकडे होतं. पण पुलावर, दारात उभं राहून मला जे व्हायचं ते यातून येत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. गिटार आणि बाकीची वाद्यं एकत्र निघतात आणि लगेच एकमेकांपासून सुटू लागतात. दरवेळी एका मात्रेनं लांब. कान दोन्हींना धरायला बघतो, धरता येत नाही. त्या न धरता येण्यातून ती हुरहुर लागते. आणि हे कानांनी अधू असलेल्या माणसानं, शब्द न कळता, पेरांवर मोजून काढलं होतं.

"मग ते जुळणार कसं, आजोबा?" मुलीनं विचारलं. त्यांना ते ऐकू गेलं नसणार. त्यांनी ओठ वाचले, साचेखात्यातल्यासारखे.

"थांब, बाय," ते म्हणाले. "येतली."

सम येईल, म्हणजे. सगळे जिथे पुन्हा एकत्र येतात ती आवर्तनाची पहिली मात्रा. भजनात एखादा नवखा पखवाजी तिहाई घेताना गडबडला की ते त्याला असंच म्हणायचे. पाचाची चार आवर्तनं, चाराची पाच. वीस मात्रा. अण्णांचा अंगठा पेरांवरून चालत होता, डोळे मिटलेले होते. मुलगी त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती. मी श्वास धरून उभा होतो आणि खोलीत फक्त टेबलावरची थाप ऐकू येत होती, कारण गाणं होतं ते त्यांच्या एकट्याच्या कानात.

"इली!" ते ओरडले आणि तळवा टेबलावर आपटला. भांड्यातला चमचा उडाला.

मग त्यांनी हेडफोन काढले, माझ्याकडे धरले आणि शेजारची खुर्ची पायानं मागे ढकलली. मी बसलो. मुलीनं मोबाइलवरचा आवाज मोकळा केला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि टेबलाच्या कडेवर आपली बोटं ठेवली. अण्णांनी माझा हात धरून तिच्या हातासमोर आणला. "ती चारात धरतली," ते म्हणाले. "तू पाचात धर."